थोरली, धाकटी आणि दोनशे चौदा पानं

४ जानेवारी, सकाळी ११

सर आले होते. शाळेत आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे ते. बरोबर त्यांची मुलगी आणि एक भलंमोठं खोकं. खोक्यात दोनशे चौदा जाड कागद, प्रत्येकावर दाबून वाळवलेलं एक पान आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी. पानं सरांनी चाळीस वर्षं जमवलेली, चिठ्ठ्या त्यांच्या बायकोच्या हातच्या. बाई जाऊन नऊ वर्षं झाली.

या सगळ्याचे फोटो काढायचे आणि त्याचं पुस्तक करायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की सरांची नजर मधोमध जात चालली आहे. पाच-सहा महिने, फार तर. त्याच्या आत त्यांना पुस्तक बघायचंय. मुख्य म्हणजे ते अक्षर बघायचंय.

डिसेंबरात मी यातल्या तीन पानांचे नमुन्याचे फोटो दिले होते. सर म्हणाले, असेच काढ, पुष्कळ झालं.

ते गेल्यावर तेच तीन फोटो स्क्रीनवर मोठे करून बघितले. शंभर टक्के मोठे. तिसऱ्या पानाची कडेची शीर जराशी मऊ आहे, म्हणजे पुसटशी. सरांना दिसली नाही. मला दिसली. फरक इथेच असतो.

हे काम मीडियम फॉरमॅटचं आहे. मोठा सेन्सर, शंभर मेगापिक्सेल.

संकल्प: आठ दिवसांत कॅमेरा निवडणे. पुढच्या पंधरा दिवसांत सगळे फोटो. फेब्रुवारीत पुस्तक.

हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिची गल्लत होते आहे. मला नाचता येतं.

६ जानेवारी

छापखानेवाल्यांना भेटून शेवटच्या पानावर टाकायची ओळ देऊन आलो. ‘छायाचित्रे’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. ते म्हणाले, आणि छायाचित्रं? म्हटलं, येतील. एक काम तरी वेळेआधी झालं.

१२ जानेवारी, दुपार

आठ दिवस झाले. निवड झाली नाही, पण दोनच कॅमेरे उरले आहेत. दोन्हींची नावं इतकी लांब आणि आकड्यांनी भरलेली की मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरलीचा सेन्सर जास्त ऐसपैस, वजन आणि रुबाब त्याच प्रमाणात. धाकटी अंगाने आटोपशीर, स्वभावाने गरीब. एकीची लेन्स दुसरीला बसत नाही, जावाजावांसारखं.

तुलनेचा तक्ता केला आहे. एक्केचाळीस ओळी.

ही म्हणाली, आपलं लग्न अर्ध्या तासात ठरलं होतं. मी बेचाळिसावी ओळ आखली.

२० जानेवारी

तक्ता: सत्त्याऐंशी ओळी.

इंटरनेटवर एक गृहस्थ भेटले आहेत. सगळे त्यांना पिक्सेलमामा म्हणतात. जगातली प्रत्येक लेन्स त्यांनी विटांच्या भिंतीसमोर तपासली आहे. त्यांनी काढलेला विटांशिवाय दुसरा फोटो मी अजून बघितलेला नाही, पण विटा काय विटा आहेत! मी माझी अडचण लिहिली. मामांनी उत्तर दिलं की कडेची शीर मऊ येत असेल तर तडजोड करू नका.

मला समजून घेणारं कोणीतरी आहे.

खोकं दुकानात पडद्याच्या अलीकडे ठेवलंय, हिच्या टेबलाखाली. पडद्याच्या अलीकडे हिचं झेरॉक्स, स्कॅनर आणि लॅमिनेशन. पलीकडे माझा स्टुडिओ. कला पडद्याच्या पलीकडे असते.

२७ जानेवारी, संध्याकाळी ५

आज धैर्याचं काम केलं. जुना कॅमेरा आणि चारही लेन्स विकून टाकल्या. जुना जवळ असला की मन त्याच्यावरच भागवायला बघतं. परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही.

हिने विचारलं, आणि नवीन? म्हटलं, निवडतोय. ही खुर्चीवर बसली. मग उठून झेरॉक्सच्या मशिनमध्ये कागद भरले. भरलेल्यातच भरले.

२९ जानेवारी

पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाईक आलं. कॅमेरा नाही हे ऐन वेळी लक्षात आलं. हिच्या फोनवर काढला. गिऱ्हाईक म्हणालं, वा, मागच्या वेळेपेक्षा बरा आला.

लोकांना कळत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी ९

सरांच्या मुलीचा फोन. दादा, झालं का, म्हणाली. सरांना आता वर्तमानपत्र वाचता येत नाही, फक्त मथळे. म्हटलं, आठ दिवस. ती म्हणाली की मागच्या वेळीही आठ दिवसच म्हणाला होतात. आठ दिवस ही माझी पद्धत आहे, एवढंच.

हिला सांगितलं. ही टेबलाखालच्या खोक्याकडे बघत राहिली.

आजपासून तक्ता बंद. निर्णय.

११ फेब्रुवारी

तक्ता फक्त नीट उतरवून काढला. एकशे बारा ओळी.

१८ फेब्रुवारी

निर्णय झाला! थोरलीच. मामा म्हणतात, कॅमेऱ्याची बॉडी येते आणि जाते, लेन्स जन्माची सोबत असते. म्हणून आधी लेन्स मागवली. मॅक्रो, खास बारीक तपशिलासाठी. छाती भरून आली. असा मोकळा श्वास कित्येक दिवसांत घेतला नव्हता.

हल्ली दुपारी मी भिंतींचा अभ्यास करायला बाहेर पडतो. कुठल्या भिंतीवर लेन्स तपासायची ते आधीच हेरून ठेवलेलं बरं. ही जा म्हणते. बायकोचा असा पाठिंबा नशिबाने मिळतो.

२४ फेब्रुवारी

सहा दिवस विचार केला. थोरलीचं वजन माझ्या ट्रायपॉडला झेपणार नाही. नवा ट्रायपॉड निवडायचा म्हणजे नवा तक्ता. तेव्हा धाकटी. लगेच मागवून टाकली, मन बदलायच्या आत.

लेन्स आधीच मागवून ठेवली आहे हे किती बरं झालं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

६ मार्च, दुपारी १

धाकटी आली! खोक्याची टेप न फाडता नखाने सोडवली. लेन्स यायची आहे, म्हणून नुसताच शटर वाजवून बघितला. मखमलीच्या पेटीचं झाकण लागावं तसा आवाज. पंचवीस वेळा वाजवला. हिला दाखवली. ही म्हणाली, हिला दिसतं कुठून? म्हटलं, लेन्समधून. लेन्स येते आहे. बरं, म्हणाली आणि पुन्हा स्कॅनरकडे वळली. हिच्याकडे हल्ली काम फार दिसतं. कुणाचं ते विचारायला मला सवड नाही.

११ मार्च, सकाळी १०.४०

लेन्स आली.

सकाळी १०.५५

बसत नाही.

दुपारी १२

उजवीकडे फिरवून बघितली, डावीकडे फिरवून बघितली, माहितीपत्रक वाचलं. मग खोक्यावरचं नाव वाचलं. लेन्स थोरलीची आहे. मी मागवली तेव्हा मी थोरलीचा होतो.

हे कसं झालं?

दुपारी ३

दुकानदार म्हणतो, सील फोडलेली लेन्स परत घेत नाही. दोघींना जोडणारी एक रिंग मिळते, पण ती यायला सहा आठवडे. मामांना लिहिलं. मामांनी लिहिलं की अशा रिंगमुळे कडा मऊ येतात.

कॅमेरा आहे, लेन्स आहे, आणि मला एका पानाचा फोटो काढता येत नाही. जुना कॅमेराही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. ही म्हण लहानपणी पाठ केली तेव्हा हसलो होतो.

हिला अजून सांगितलेलं नाही. लेन्स कपाटात, टॉवेलमध्ये गुंडाळून.

१४ मार्च, सकाळी ११

सर स्वतः आले. मुलीचा हात धरून. पायरी पायाने चाचपली. माझ्याकडे बघताना मान वळवून माझ्या कानाकडे बघत होते. म्हणाले, सरळ बघितलं की तुझ्या जागी भोक दिसतं रे, बाजूने बघितलं की जरासा येतोस.

मी हसलो. हसायला नको होतं.

नवा कॅमेरा बघू, म्हणाले. मी धाकटी हातात दिली. सरांनी ती सगळीकडून चाचपली आणि तिच्या उघड्या तोंडात बोट घातलं. थेट सेन्सरवर. म्हणाले, छान, अगदी गुळगुळीत आहे.

त्या सेन्सरवर श्वास पडू नये म्हणून मी आठ दिवस तोंडाला रुमाल बांधून बसलो होतो. रागवायचं होतं, जमलं नाही. सर विचारत होते, चिठ्ठ्या नीट येतील ना? एक नेच्याचं पान आहे, त्याच्या चिठ्ठीत तिने शाई सांडली होती आणि तिथेच लिहिलं होतं, ‘डाग माझा, पान यांचं.’ तेवढं एकदा वाचायचंय. मग नाही दिसलं तरी चालेल.

म्हटलं, येतील.

ते गेल्यावर पडद्यामागे जाऊन बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुळीची अ‍ॅलर्जी आहे.

१५ मार्च, दुपारी २

आज भिंती बघायला गेलो नाही. पायच निघाला नाही. घरून डबा घेऊन परस्पर दुकानात आलो, तर ही स्कॅनरपाशी. काचेवर पारदर्शक कागद, त्याच्यावर सरांचं एक पान पालथं, आणि ही ते दोन्ही हातांनी इतकं हळू उचलत होती की मला आधी ओरडायचंच सुचलं नाही. मग ओरडलो. ओळखपत्रं काढायच्या मशिनवर सरांचं आयुष्य? याला फोटो म्हणतात का?

ही म्हणाली, सरांना फोटो नकोय, अक्षर हवंय.

मग सांगितलं. सरांच्या मुलीचा फोन आला त्या दिवसापासून रोज दुपारी मी भिंतींना जायचो तेव्हा ही सात-आठ कागद करायची. आजचा शेवटचा. दोनशे चौदा. टॉवेलमधली लेन्सही हिने परवाच बघितली होती, टॉवेल धुवायला काढताना. आता लेन्सभोवती टॉवेल नवा आहे.

संध्याकाळी ६

हिच्या फाइल उघडल्या. शंभर टक्के मोठ्या केल्या. कुठेतरी खोट असणारच.

शिरा स्पष्ट. कडा स्पष्ट. शाईचा डाग, त्याच्यातलं अक्षर, अक्षराच्या शेवटी थांबलेला टाक, सगळं.

सत्त्याऐंशी नंबरवर सापडली. कडेला एक आडवा केस. चांगला ठळक. म्हटलं, बघ! नीट बघितला. पांढरा होता.

हिचे केस पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं.

काखेत कळसा म्हणतात. इथे कळशालाच बिचाऱ्याला सगळी कामं.

१७ मार्च

छापखान्यात फाइल देऊन आलो. म्हणजे ही देऊन आली, मी पिशवी धरली. चिठ्ठ्या वेगळ्या कापून पानभर मोठ्या छापायला सांगितल्या हिने. सरांना बाजूने तेवढंच दिसतं म्हणून. हे माझ्या एकशे बारा ओळींत कुठेच नव्हतं.

मामांना कळवलं. त्यांनी विचारलं, कोणता स्कॅनर? मला माहीत नव्हतं. सहा वर्षं तो माझ्या पडद्याच्या पलीकडे आहे.

१८ एप्रिल, सकाळी १०

पुस्तक आलं. आम्ही दोघं सरांकडे गेलो.

सर खिडकीपाशी बसले. नेच्याचं पान हिनेच उघडून दिलं. सरांनी पुस्तक डोळ्यांच्या एका बाजूला धरलं, मान तिरपी केली आणि बराच वेळ तसेच राहिले. मग मोठ्याने वाचलं, ‘डाग माझा, पान यांचं.’ आणि हसले. मुलगी आत निघून गेली. मलाही आत जायचं होतं, पण घर त्यांचं.

सर म्हणाले, तुझा कॅमेरा मोठा गुणी निघाला. मी मान डोलावली, ती सरांना दिसली नाही.

मग म्हणाले, शेवटच्या पानावर काय बारीक लिहिलंय, वाचून दाखव.

शेवटचं पान. ‘छायाचित्रे’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. सहा जानेवारीला दिलेलं. या सगळ्या कामात मी वेळेवर केलेली एकच गोष्ट, आणि तिथे एक अक्षरही मऊ नव्हतं.

मी ‘छायाचित्रे’ असं वाचलं. थांबलो. मग हिचं नाव वाचलं.

ही माझ्याकडे बघत होती. सरांनी जरा विचार केला आणि विचारलं, असं? मग तू काय केलंस?

म्हटलं, कॅमेरा निवडत होतो.

वर्गात गृहपाठ विचारायचे त्याच आवाजात सर म्हणाले, बरं. मग, झाला का निवडून?