इंटर्नशिपवाल्यांवर उपकार

३ नोव्हेंबर, सोमवार
कशेळीच्या एका वेबसाइट कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज केला. ऑफिस गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. खाली टाइल्सची खोकी, वर म्हणे टेक्नॉलॉजी. अशा ठिकाणी माझ्यासारखा बी.एस्सी. आयटी मिळतोय हे त्यांचं नशीब. डिग्रीनंतर गॅप दिसतो खरा, पण तो गॅप नाही, सेल्फ स्टडी आहे.

आईचं म्हणणं, हे जमलं न्हाय तर पुढच्या महिन्यापासून प्रितेशबरोबर पूर्ण्याला जायचं. प्रितेश माझा मावसभाऊ. तिथल्या वेअरहाउसमध्ये खोक्यांवर स्कॅनर मारतो आणि ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे’ म्हणून सांगतो. कीव येते.

४ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे उठून कोडिंग. एचटीएमएल येतंच. सीएसएस म्हणजे रंगरंगोटी, ते पेंटरचं काम. जावास्क्रिप्ट उद्या.

६ नोव्हेंबर
जावास्क्रिप्ट राहिलं. लाइट नव्हती. नंतर आली, पण तोवर मूड गेला होता. भिवंडीत टॅलेंट असंच मरतं.

८ नोव्हेंबर
इंटरव्ह्यूचा मेल आला. येणारच होता. पोर्टफोलिओ तयार केला: नेटवरून रेडीमेड टेम्प्लेट उतरवलं, फोटो माझा लावला. मूर्ख लोक पहिल्या ओळीपासून लिहीत बसतात. प्रितेशने बघून विचारलं की यातलं तू काय केलंस. गोडाऊनवाल्यांना डिझाइनमधलं काय कळणार?

११ नोव्हेंबर, मंगळवार
इंटरव्ह्यू दणक्यात.

पोहोचायला उशीर झाला, पण कशेळीचं ट्रॅफिक मी बनवलेलं नाही. बाहेर अंजूरची मेघाली नावाची मुलगी बसली होती. गावातून भिवंडीच्या रिक्षा कुठून सुटतात हे दाखवणारी साइट तिने बनवलीय. असली गावठी कामं कंपन्या बघत नाहीत, हे मी तिला प्रेमाने समजावलं. तिने थँक्यू म्हटलं.

आत इंटरव्ह्यू घ्यायला पूर्वी नावाच्या मॅडम. वयाने माझ्याएवढ्याच, तोरा मात्र मॅनेजरचा. माझा पोर्टफोलिओ उघडला. कॉन्टॅक्टच्या पानावर ब्राझीलमधल्या कुठल्याशा दातांच्या डॉक्टरचा पत्ता राहून गेला होता. इंटरनॅशनल क्लायंट, असं मी लगेच सांगितलं. मग त्यांनी लॅपटॉप दिला आणि फोटो पानाच्या मध्यभागी आणायला सांगितला. फोटो आधी खाली गेला, मग गेलाच. याला मिनिमलिझम म्हणतात, हे मलाच सांगावं लागलं.

शेवटी त्या म्हणाल्या, “मिथुन, तुम्हाला यातलं नेमकं काय येतं?”

मी म्हटलं, लीडरशिप.

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून बंद केला. इम्प्रेस झाल्यावर माणसं पुढचं काही तपासत नाहीत.

१४ नोव्हेंबर
मेल: ‘आपली निवड झालेली नाही.’ उघड आहे, दुसऱ्याचा मेल मला आला. वेबसाइटच्या कंपनीला साधे मेल नीट पाठवता येत नाहीत. चूक दुरुस्त करा, असं कळवलं. आईला सांगितलं नाही. उगाच गैरसमज व्हायचा.

१७ नोव्हेंबर
उत्तर नाही. दुरुस्ती चालू असणार.

१८ नोव्हेंबर
बघा. खुद्द पूर्वी मॅडमचा फोन. एका महत्त्वाच्या कामाला अगदी तुमच्यासारखाच माणूस हवाय, उद्या याल का? काम काय, हे मी विचारलं नाही. विचारलं की माणूस हावरा दिसतो.

आईने विहारात जाऊन सगळ्यांना सांगितलं, खीर केली. मी प्रितेशला फोन करून म्हटलं की पूर्ण्याची जागा दुसऱ्या कुणा गरजूला दे. त्याने मनापासून अभिनंदन केलं. जळणं लपवायची त्याची जुनी सवय आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मेघाली आधीच तिथे. गळ्यात कंपनीचं कार्ड.

टेम्पो बुक करायची नवीन साइट त्यांनी बनवलीय. पूर्वी मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, “कॉम्प्युटरमधलं काही न कळणाऱ्या माणसाला ही साइट वापरता येते का, ते बघायचंय. आमच्या ओळखीत तसं कोणी नाही.”

उठून यायला हवं होतं. पण खीर आठवली. बसलो.

एक टेम्पो बुक करायचा होता, कशेळी ते पूर्णा. मेघाली शेजारी बसून मी कुठे अडतो ते टिपत होती. मी भाषा बदलली. मदतीच्या पानावर गेलो, परत आलो. साइट हिंदीत झाली, ती मराठीत येईना. चहा आला, गार झाला.

मेघाली हळूच म्हणाली, “घाई न्हाय, सर. तुम्ही अडलात म्हणजे चूक आमची हाय.”

एवढ्या दिवसांत मला सर कुणी म्हटलं नव्हतं. मान वर करता आली नाही.

टेम्पो काही बुक झाला नाही. मॅडमनी आभार मानले, खूप उपयोग झाला म्हणाल्या. खरंच झाला असावा.

घरी आईने विचारलं, जमलं का. म्हटलं, प्रितेशला फोन लावतो.

बटण समोरच होतं. हिरवं. चांगलं मोठं.