बिनआवाजाचं ताट

प्रिय सूनबाई,

टक्, टक्, टकाटक्, आणि मग एकदम शांत. सकाळपासून हा आवाज कानात येऊन बसलाय. बाहेरचा नाही, फार जुना आहे. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी मी शाळेतून घरी यायचो, तर जिन्यातच तो भेटायचा. तुझी सासू (तुला ती फक्त भिंतीवरच्या फोटोत भेटली, हे माझं दुर्दैव आणि तुझंही) पाकातल्या बदामांचं गार झालेलं ताट ओट्यावर ठेवून लाटण्याच्या टोकानं फोडत असायची. फुटलेले तुकडे डब्यांत, डब्यांना कागद, कागदावर फीत, आणि मग ते डबे शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे, डॉक्टरांकडे. एक तुकडा पहिल्यांदा माझ्या तोंडात. ‘सांगा, कसा झालाय?’ मी डोळे मिटून कवितेतली एखादी ओळ म्हणायचो. ती म्हणायची, ‘ओळ राहू द्या, मीठ बरोबर आहे का ते सांगा.’

तिला माझी ही खोड पुरती ठाऊक होती. मी शाळेतला कारकून. माझ्या टेबलामागं भिंत आणि भिंतीपलीकडं चौथीचा वर्ग. पोरं एका सुरात कविता घोकायची आणि इकडं दाखले लिहिता लिहिता त्या मला पाठ व्हायच्या, छडी न खाता, फुकटात. तेव्हापासून साधं ‘ऊन पडलंय’ एवढं म्हणायचं झालं तरी माझ्या तोंडून वृत्तातच येतं. हे मी मिरवतो असं समजू नकोस. आज तर उलट याच खोडीबद्दल तुझ्यापुढं मान खाली घालायला बसलोय. तुझा नवरा परवा फोनवर म्हणाला की या आठवड्यात तू भट्टी पेटवतेस. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मला शब्द फिरवता येतात. कागदावर फिरवले तर ते निदान डोळ्यांसमोर राहतात.

तुझा पहिला डबा आला, ती तुम्ही दोघं लांब राहायला गेल्यावर मला एकट्यानं काढायची पहिली सुट्टी होती. तू रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. रोज म्हाताऱ्या माणसांच्या साखरेचे आकडे बघून तुझ्या मनात आलं की सणासुदीचा खाऊ गोड तर हवाच, पण औषधाच्या गोळ्या वाढवणारा नको. खजूर, ओट्स, जवस, बदाम आणि साखरेचा कणही नाही. वर तुझ्या हातची चिठ्ठी: ‘बाबा, मोकळेपणानं सांगा हं, कशा झाल्यात वड्या.’ मी त्याच दुपारी तुला चार पानी उत्तर लिहिलं. ‘वडी तोंडात फुटली आणि वाटलं, वाळल्या पानांवरून कुणी अनवाणी धावत गेलं.’ आठवतं ना? आठवणारच. तू ती ओळ फ्रिजवर चिकटवलीस.

सूनबाई, ती पानं माझ्या तोंडात वाजलीच नव्हती. ती वाजली आमच्या खालच्या शिंपीबुवांच्या तोंडात.

एका दमात सगळं सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा ओळी सुचायला लागतील. चार वर्षं तुझा डबा आला की मी तो घेऊन खाली दुकानात जातो. शिंपीबुवा माझ्याच वयाचे, पण बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. दोरा अजून दातानं तोडतात. ते मशीन थांबवून वडी खातात आणि मी स्टुलावर बसून ऐकतो. मी विचारतो, ‘कशी आहे?’ ते म्हणतात, ‘चांगली.’ मी म्हणतो, ‘अहो, चांगली म्हणजे कशी?’ ते म्हणतात, ‘चांगली म्हणजे चांगली. कापडाचं वर्णन करीन हवं तर.’ एवढ्या भांडवलावर मी वर येऊन तुला चार पानं लिहायचो. बाकीच्या वड्याही, एखाददुसरी सोडली तर, त्यांच्याच घरी जायच्या.

तुझा स्वभाव असा की कौतुक झालं की तू आणखी राबतेस. माझी वाळली पानं वाचून दुसऱ्या वर्षी तू ओट्स दोनदा भाजलेस. ‘बाबांना कुरकुरीत आवडतं.’ मी लिहिलं, यंदा पानं आणखी वाळली. तिसऱ्या वर्षी बदाम अख्खे घातलेस. त्यात माझ्या तपासणीत साखर वाढलेली दिसली की तू खजूर कमी करायचीस आणि जवस वाढवायचीस. बिचाऱ्या खजुराचा काय दोष? मी इथं बेकरीतली नरम गोड बिस्किटं चहात बुडवून खात होतो. पाप माझं आणि शिक्षा खजुराला. गेल्या सुट्टीत शिंपीबुवांनी वडीचा घास घेतला, गाल धरला आणि तळहातावर दाढेचा एवढासा तुकडा ठेवून मला दाखवला. म्हणाले, ‘तुमची सून प्रयोगशाळेत काम करते की खाणीत?’ मी हसलो. त्यांचं दाढ भरून घेणं झालं, दोन दिवस ते पेजेवर होते, आणि मी? मी तुला लिहिलं, ‘अशी वडी खाल्ली की तरुण झाल्यासारखं वाटतं.’

हे लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की यात कुणाचं काय नुकसान. पोरीला बरं वाटतं, शिंप्याला खाऊ मिळतो, मला लिहायला निमित्त. पण परवा तुझा नवरा मोठ्या आनंदात सगळं सांगत सुटला. तू प्रयोगशाळा सोडलीस. घराच्या पुढच्या खोलीत भट्टी आली. आणि पहिलंच मोठं काम म्हणजे वृद्धनिवासाच्या सुट्टीतल्या जेवणासाठी दोनशे डबे, प्रत्येक आजी-आजोबांना एक. डब्यावर काय छापलंय, तर ‘आजोबांची पसंती’. खाली माझी वाळल्या पानांची ओळ. शेजारी माझा फोटो, तोंडभर हसणारा. तो म्हणाला, ‘बाबा, निवासाच्या बाईंना तिनं तुमची पत्रं दाखवली. त्या म्हणाल्या, या वयाचा माणूस इतक्या आवडीनं खातो, मग प्रश्नच नाही.’ मी म्हटलं, ‘छान, छान.’ फोन ठेवला आणि टेबलावरच्या पेल्याकडं बघत बसलो.

त्या पेल्यात माझे दात असतात.

हो. वरचेही आणि खालचेही. तुझी सासू गेली त्याच्या पुढच्या वर्षात एकेक करून सगळे तिच्यामागं गेले. तुझ्या नवऱ्याला ‘डोळे तपासायला चाललोय’ असं सांगून मी लांबच्या दंतवैद्याकडं जायचो. कवळी नीट बसली नाही. टोचते, सरकते, तिच्यानं चावणं तर दूरच. कुणी यायचं असलं की लावतो, तुमचा व्हिडिओ कॉल आला की धावत जाऊन लावतो. तू एकदा म्हणालीस, ‘बाबा, एक वडी खाऊन दाखवा ना,’ तेव्हा नेटवर्क गेलं नव्हतं गं, मी फोन छताकडं धरला होता. आणि चिंगीला कविता म्हणून दाखवायचं मी का सोडलं? घसा बसलाय म्हणून सांगितलं ना? घसा ठणठणीत आहे. कवळी लावून कविता म्हटली की श, ष आणि स तिघंही एकाच फटीतून शिट्टी वाजवत बाहेर पडतात. नात हसेल याची भीती नव्हती. तिच्या हसण्यावर मी तर जगतो. भीती होती की तिच्या मागं उभी असलेली तू हसणार नाहीस, तुला कीव येईल.

म्हाताऱ्याला एवढा कसला डौल, म्हणशील. मलाही नीट सांगता येणार नाही. तुझी सासू चेष्टेत म्हणायची, ‘मी यांचे दात बघून हो म्हटलं. पगार ऐकला असता तर नाही म्हटलं असतं.’ वर्षानुवर्षं ऐकलेली ही चेष्टा. ती असती तर तिच्यासमोर बोळक्यानं बसायला मला काही वाटलं नसतं. ती गेल्यावर मात्र वाटायला लागलं की तिनं ज्याला हो म्हटलं तो माणूसही पेल्यात पडलाय, आणि हे बाकीच्यांना कळू नये.

काल मी एक गोष्ट केली. गेल्या वर्षीची शेवटची वडी बरणीत राहिली होती. ती खलबत्त्यात घालून कुटली, चांगली घाम येईपर्यंत. मग तो भुगा कोमट दुधात कालवला आणि चमच्यानं खाल्ला. तुझ्या हातचा पहिला घास. आधी संत्र्याची साल, मग भाजलेल्या जवसाचा खमंगपणा, आणि सगळ्यात शेवटी हळूच मागच्या दारानं आलेलं मीठ. बरोबर होतं मीठ. पोरी, फार चांगलं करतेस गं तू. मी चार वर्षं केलेलं कौतुक खोटं नव्हतं, फक्त ऐकीव होतं. पण ऐकीव कौतुकावर माणसानं नोकरी सोडावी, हे माझ्याच्यानं बघवत नाही.

आणि कुटता कुटता तो जुना आवाज आठवला. आवाजापेक्षाही त्याच्यानंतरची शांतता. तुझी सासू पहिलं ताट टकाटक फोडायची. मग दुसरं ताट घ्यायची आणि त्याचा आवाजच यायचा नाही. मला वाटायचं, दमली असेल. एकदा त्या ताटातला तुकडा मी उचलला तर तो मऊ. मी म्हटलं, ‘अगं, पाक कच्चा राहिला.’ ती म्हणाली, ‘राहू दे. तो डबा अप्पांचा आहे.’ अप्पा म्हणजे माझे वडील. त्या ताटाचा पाक ती लवकर उतरवायची, बदाम भिजवून वाटून घालायची, वर थोडा खजूर, आणि वड्या पाडायची ओल्या दोऱ्यानं, म्हणून आवाज नाही. डबा मात्र तोच, कागद तोच, फीतही तीच. अप्पा चारचौघांत बसून डबा उघडायचे आणि सगळ्यांसारखं खायचे. अप्पांना दात नव्हते हे त्या घरात कुणी कधी बोललं नाही. अप्पाही नाहीत, तीही नाही. मी त्यांचा मुलगा, त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवणारा, मला ते बिनआवाजाचं ताट काल समजलं.

तुझ्यात आणि तिच्यात काही फरक आहे असं मनात आणू नकोस. तिला अप्पा रोज जेवताना दिसत होते. तू लांब, आणि मी तुला काही दिसूच दिलं नाही. पानंच्या पानं भरून कुरकुरीत आवाज तेवढा पाठवत राहिलो. तेव्हा हे पत्र लिहायचं कारण एवढंच: त्या दोनशे डब्यांत माझ्या पसंतीच्या वड्या घालू नकोस. तिथं जेवणाच्या टेबलाभोवती माझ्यासारखे दोनशे जण बसणार. डबा उघडतील, फोटोतला हसणारा म्हातारा बघतील आणि त्यांना वाटेल की आपल्यालाच तेवढं चावत नाही. कुणी बोलणार नाही. वडी रुमालात गुंडाळून खिशात घालतील आणि निवासाच्या बाईंना सांगतील, ‘छान होत्या हं.’ मला माहीत आहे ते कसं सांगतात. तू बिनआवाजाचं ताट कर. खजूर वाढव, बदाम रात्रभर भिजव, भाजणं एकदाच. छापलेले कागद वाया जातील, त्याचं मी

थांब. खाली दुकानाशी कुणीतरी आलंय. कुरिअरवाला असेल म्हणून हे पत्र घाईनं आवरायला घेतलं होतं, पण शिंपीबुवांचा आवाज खिडकीतून वर येतोय. ‘या, या ताई! यंदा स्वतःच घेऊन आलात? बरं झालं भेटलात. एक सांगू का, राग मानू नका, यंदा जरा मऊ करा. गेल्या वर्षी माझी दाढ फुटली बघा.’ मग तुझा आवाज: ‘तुमची दाढ, काका?’

तू इथं कशी? तू तर भट्टीपाशी असायला हवी होतीस. हातात डबा असणार. पहिली वडी बाबांनी खायची म्हणून रात्रीच्या गाडीत बसली असशील, तुझी सासूही अशीच होती. आता जिन्यात तुझी पावलं वाजताहेत, नेहमीपेक्षा सावकाश. पेला टेबलावर आहे, हात पुढं केला की पोचतो. घंटा वाजली. पेला तिथंच राहू दे. मी हे पत्र हातात घेऊन दार उघडायला येतोय.

तुझाच,
बोळका बाबा