तिसऱ्या ताटलीतली तूर

लातूर, सोमवार

अक्का, शरणार्थी.

दाजींनाही हात जोडून माझा शरणार्थी सांग. त्यांची कंबर अजून धरत असेल तर एरंडाचा पाला गरम करून बांधा म्हणावं, डॉक्टरच्या नादी लागू नका. म्हैस व्याली का? सूनबाई पुनम बरी आहे ना? इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खालचं वाचून झालं की वर येऊन ही ओळ खोडून टाक.)

तू म्हणशील, खिशात फोन असताना सिद्धूला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली. फोनवर मी ओरडतो आणि तू रडतेस, मग मुद्दा राहतो बाजूला. शिवाय हे तोंडानं सांगायची मला लाज वाटते. कागदाला तेवढं तोंड दिसत नाही.

माझं काम तुला माहीतच आहे. चौतीस वर्षं झाली, दालमिलमध्ये गाडी लागली की पोत्यात बंबीची टोकदार नळी खुपसायची, मूठभर तूर तळहातावर घ्यायची, एक दाणा दातानं फोडायचा आणि सांगायचं, हा माल औशाचा, हा उदगीरकडचा, ह्यात ओल आहे, ह्यात मागच्या सालची मिसळलीय. बजरंग हमाल म्हणायचा, सिद्धूअप्पांच्या दाढेवर लातूरचा भाव ठरतो. मीही खुळा, ते खरं धरून दाढेला जपत आलो. (डाव्या बाजूची किडली तेव्हा मालकांनी स्वतः दवाखान्यात नेलं होतं, मशिनचा पट्टा बदलायला न्यावं तसं.) भाव कुठं ठरतो ते आता कळलं. तिकडं लांब कुठल्या तरी बंदरावर जहाज लागतं आणि इकडं आडतीसमोर उभ्या माणसाचं तोंड उतरतं. ते जहाज मी पाहिलं नाही. मी समुद्रच पाहिला नाही, तुळजापूरच्या पुढं गेलोय कुठं? पण त्या जहाजातून आलेली तूर गेली कैक वर्षं मीच पास करत आलो.

तर आता मालक थकले आणि गादीवर त्यांचा सोमेश बसला. पोरगा वाईट नाही, मला काका म्हणतो. त्यानं कॅमेऱ्याचं मशिन घेतलंय. ते एकेका दाण्याचा फोटो काढतं आणि डागी दाणा फुंकून बाजूला उडवतं. मला म्हणाला, काका, पाडव्यापासून आराम करा. मी गप बसायचं की नाही? पण आपल्या घराण्यात गप बसायचा रिवाज नाही. मी चारचौघांत म्हणालो, तुझं मशिन रंग ओळखील, रान ओळखील का? मी ओळखतो. आपल्या मातीतली तूर आणि भाईरची तूर डोळे बांधून सांगतो, न्हाई सांगितलं तर पाडवा कशाला, उद्याच घरी बसतो.

त्यानं खरंच माझे डोळे बांधले, माझ्याच उपरण्यानं. पाच ताटल्या मांडल्या, ताटलीखाली चिठ्ठ्या. पहिली चावली आणि म्हणालो, ही जहाजात घाम फुटलेली, ढोरांना घाला. दुसरी तशीच. तिसरा दाणा दाढेखाली गेला आणि अक्का, मला भरून आलं. म्हणालो, बाकीच्या राहू द्या. ही आपली. ही निलंग्याकडची, माझ्या अक्काच्या रानातल्यासारखी. दरसाल रानातली येळवशीची पूजा झाली की तिची पिशवी येते, तीस वर्षं हेच वरण जेवतोय, ही चव मी मेल्यावरही सांगेन.

सोमेशनं चिठ्ठी वाचली. मोझांबिक. (हा एक देश आहे. आफ्रिकेत, समुद्राच्या काठी.) आणि जी ढोरांना घालायला सांगितली होती ती औशाची निघाली. लोक हसले ते सोड. सोमेश हसला नाही, त्याचंच जास्त लागलं. मी म्हणालो, माझी जीभ खोटी नाही, काहीतरी घोळ आहे. तो म्हणाला, काका, आठ दिवसांत सिद्ध करून दाखवा, तुमची जागा ठेवतो.

तिसऱ्या ताटलीतली मूठ पदराला, म्हणजे उपरण्याला, बांधून घरी आलो. तुझी पिशवी काढली, तुझ्या जुन्या लुगड्याची, तूच हातानं शिवलेली. दोन्हीतले दाणे परातीत शेजारी शेजारी मांडले. तोच आकार, तोच रंग, तीच चव. शिवम्मा दारात उभी होती. तुझी भावजय तुला माहीत आहे, एरवी शब्दाला शब्द लावते. आज तिनं हातातली चाळणी तेवढी पुढं केली. मी विचारलं, तुला ठावं होतं? तर म्हणाली, तीन वर्षं झाली, चाळणीत एक ढेकूळ निघालं न्हाई.

खरंच की. पूर्वी तुझ्या तुरीत रानातली काळी ढेकळं असायची आणि मी दरसाल तुला बोलायचो. तीन वर्षांपासून माल एकदम साफ येतोय. मी समजत होतो, पुनमचा हात चांगला. आणि तीन वर्षांपासूनच तू येळवशीला रानात बोलावलं नाहीस. एकदा दाजींची कंबर, एकदा रस्त्याला चिखल, यंदा म्हणे गावात कुणाचं तरी सुतक. दाजींनी तूर मोडून ऊस लावला, होय ना? आणि तू निलंग्याच्या दुकानातून ही भाईरची तूर आणून लुगड्याच्या पिशवीत भरून माहेरला पाठवत राहिलीस.

दाजींचा मी राग धरत नाही, धरायला मला तोंड नाही. शेवटची तूर घेऊन ते मिलला आले होते, तेव्हा बंबी मीच लावली होती. ओल आहे म्हणालो. ओल होतीही. पण त्याच आठवड्यात भाईरचा माल लागला होता आणि मालकांना घ्यायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. दाजी चहा न पिता गेले. मला वाटलं, त्यांना बसची घाई असेल.

तुझा धाकटा,
सिद्धेश्वर

ता. क. खरं काम आता लिहितो. एका कागदावर एवढंच लिहून दाजींची सही घेऊन पाठव, की तीन वर्षं ही तूर दुकानातली आहे. म्हणजे मी सोमेशला दाखवीन, की ही माझ्या अक्काच्या पिशवीतली तूर आहे असं मी म्हणालो आणि ती तीच होती, जीभ खरी ठरली. आठ दिवसांतले तीन गेलेत.

ता. क. दोन. शिवम्मानं वरचं वाचलं. म्हणाली, नोकरीपायी अक्काची अब्रू मिलमध्ये पाखडणार का? तेव्हा कागद पाठवू नको, आणि हे पत्र दाजींना वाचून दाखवू नको. मी उद्या सोमेशला सांगतो, माझं चुकलं.

पिशवी मात्र दरसालसारखी येऊ दे. फक्त तिच्यात आपल्या रानातली दोन-चार काळी ढेकळं टाकत जा. चाळायला आता मला वेळच वेळ आहे.