हृदयात फुगा फुगला, त्याची हकीकत

गिरीज, रविवार

तीर्थस्वरूप दादास, धाकट्या नर्मदेचा वाकून नमस्कार. (वाकायला आता डॉक्टरांची परवानगी आहे.) तुझा नवा चष्मा, वहिनीची साखर आणि तुमच्या फुलपाड्याचं नळाचं पाणी, तिन्ही जागेवर असतील असं धरून चालते.

दोन वर्षं मला धाप लागत होती, हे तुला ठाऊकच आहे. वाडीतून केळीचा घड आणला की मी अंगणातच बसकण मारायची. शेजारची ज्युली म्हणाली, वजन. आमचे हे म्हणाले, गॅस. तू फोनवर म्हणालास, नर्मदे, बोलणं कमी कर. तिघांचंही ऐकलं, फक्त तुझं जमलं नाही. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून एका उशीच्या तीन झाल्या. (हे विचारायचे, झोपतेस की दरबार भरवतेस?)

शेवटी खोकताना रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा कुठे वसईतल्या डॉक्टर ब्रेंडाकडे गेलो. तिने मला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं पोरीला डुलकी लागली. मग म्हणाली, "मावशी, लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले होते का?" दादा, मला एकदम चौथीचं वर्ष आठवलं. एक गुडघा उतरला की दुसरा सुजायचा. बाबांनी लेप लावला आणि तू शाळा बुडवायचं नाटक म्हणून चिडवलंस. पुढे दुखणं गेलं, सगळे विसरलो. पण घसादुखीमागून आलेल्या त्या तापाने हृदयातली एक झडप धरली होती. तिच्या कडा इतक्या वर्षांत चिकटत गेल्या, अंगठ्याएवढी वाट पेन्सिलीएवढी उरली, आणि रक्त मागे फुफ्फुसात तुंबत होतं. हे सगळं एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं.

उपाय काय, तर फुगा! मांडीच्या शिरेतून नळी हृदयात न्यायची आणि तिथे फुगा फुगवून झडप मोकळी करायची. "कुठल्या रंगाचा?" ह्यांनी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. कोणी हसलं नाही. मग ह्यांनी संमतीच्या कागदावर सही केली, तीही माझ्या रकान्यात.

भूल फक्त मांडीपुरती होती, मी जागीच होते. फुगा फुगला, छातीत धडधड उठली, आणि थोड्या वेळाने श्वास पार पोटापर्यंत गेला. मी रडायलाच लागले. नर्सने विचारलं, दुखतंय का? म्हटलं, "नाही गं, दोन वर्षांनी पुरा श्वास आलाय." गोळ्या आणि तपासण्या आता कायमच्या. पण काल वाडीच्या टोकापर्यंत न थांबता चालले. हे मागून "हळू, हळू" करत धापा टाकत होते.

वहिनीस नमस्कार, नातीला पापा.

तुझी नर्मदा

ता. क. हे पत्र माझी हकीकत सांगायला लिहिलेलं नाही. तुझ्या नातीचा, उन्नतीचा घसा मागच्या महिन्यात दुखत होता, आणि आता कधी गुडघा, कधी घोटा सुजतो, असं वहिनी परवा बोलून गेली. "वाढतं अंग आहे," असं तू म्हणालास म्हणे. दादा, लेप नको. तिला आजच डॉक्टरांना दाखव. तोच ताप असेल आणि वेळीच कळला, तर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेऊन पुढचं टळू शकतं. पोर रडेल. रडू दे.

आणखी एक ता. क. चिडवल्याचा राग नाही. तूही तेव्हा सहावीतच होतास. पण पत्र टपालाने पोचेपर्यंत धीर निघाला नसता, म्हणून हातातच दिलंय. आता वर बघ, मी समोर उभी आहे. खाली रिक्षा थांबलीय. उन्नतीला चप्पल घालायला सांग.