मावशींची जांभळी साडी

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आहे आज. मॅडमची की माझी, तेच कळत नाही.

एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कसाठी मी वारज्याच्या ज्या वस्तीत जाते, तिथल्या लीलामावशींना संस्थेने शिलाई मशीन दिलं. आज त्याचा फोटो काढायचा होता. 'फोटो आहे, तयार राहा' हे शुक्रवारी मीच सांगून आले होते. मावशी जांभळी साडी नेसून, गजरा माळून दारात उभ्या. किती छान दिसत होत्या.

संस्थेच्या मॅडमनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "अगं, ह्या तर लग्नाला निघाल्यासारख्या दिसतायत. देणगीदारांना काय दाखवू? रोजची साडी नेसायला सांग. तुझं ऐकतील त्या."

लोकांचा विश्वास कसा मिळवायचा, यावर कालच तासाला पानभर लिहून घेतलंय मी. तो ह्यासाठी?

आणि मी सांगितलं. नाही म्हणता आलं असतं की. पण फील्डवर्कचे मार्क ह्याच मॅडम देतात.

मावशी आत जाऊन विटकी साडी नेसून आल्या, गजराही काढलेला. मशीनपाशी बसून मला विचारलं, "आता बरोबर दिसतंय का, ताई?"

मी हो म्हटलं. मोबाइल धरला, तर मागे दोरीवर ती जांभळी साडी दिसत होती. फोटोत येईल म्हणून मीच ती उचलून बाजूला ठेवली.

हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं.