खरडलेला शेंदूर

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडला! मुकुंदवाडीच्या आमच्या साइटवर, जेसीबीनं उपसलेल्या मातीत. पिवळसर गारेचा दगड, एका बाजूला टोक, दुसरीकडं जाड. मुठीत बरोब्बर बसतो. दोन्ही कडांना टवके. आदिमानवाची हातकुऱ्हाड — पैज! कॉलेज सोडलं म्हणून डोळे थोडेच सोडले?
श्रेयाला फोटो टाकला. ती एम.ए. करतेय, पुरातत्त्वात. आमच्याच वर्गातल्या इंद्रजीतचं नाक फोडून मी कॉलेज सोडलं तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. आज उत्तर! "सोमवारी विद्यापीठात आण. धुवू नको. खाचांतली माती तशीच पाहिजे."
इंद्रजीतही असेल तिथं. असू दे.

१६ नोव्हेंबर
सत्यानाश! कामावरून आलो तर दगड देव्हाऱ्यात. धुतलेला, तेल-शेंदूर लावलेला, पुढं नारळ. आई म्हणे, "जमिनीतून निघालेला देव असा उघडा ठेवतेत व्हय? माहेरी मेंढरामागं असा घावला की बसवायचे."
लई ओरडलो. अडाणी म्हणालो तिला. सुरीनं शेंदूर खरडून काढला. ती नुसती बघत होती.

१७ नोव्हेंबर
श्रेयानं भिंग लावलं.
"नैसर्गिक आहे रे. टवके कसेही पडलेत, नदीत गोटे एकमेकांवर आपटतात तसे. घडवल्याची खूण एकही नाही."
इंद्रजीत फिदीफिदी हसला. "कुऱ्हाडवाले आदिमानव, चहा घेणार का?" मूठ वळली — पण गप्प बसलो! तिनं ते बघितलं. नक्की बघितलं.
मग तिचं बोट खाचेत थांबलं. "हा शेंदूर? आणि हे ताजे ओरखडे?"
सांगून टाकलं सगळं. वाटलं, हसेल.
तिनं दगड माझ्या हातात दिला. "माणसाच्या हाताची एवढीच खूण होती यावर. तीच खरडलीस. वाटलं होतं, बदलला असशील."

१८ नोव्हेंबर
श्रेया फोन उचलत नाही. दगड फेकायला हर्सूलच्या तलावावर गेलो. हातातून सुटेना. परत घेऊन आलो.

१९ नोव्हेंबर
शेंदराची पुडी आणली. म्हणालो, "आई, लाव परत. बसव त्याला."
ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "दगड हाय त्यो. तू शिकलेल्या लोकांकडून बघून आणलास ना?"
पाण्याच्या टिपाडावरचा पत्रा वाऱ्यानं सारखा वाजत होता. उठली, दगड उचलला, पत्र्यावर ठेवला.
आवाज बंद झाला.