मिथाइल ऐकत नाही

१८ सप्टेंबर २०१९

आजही बाटलीत काकवीच! मिथाइल काही केल्या स्फटिक धरत नाही. त्याची दोन भावंडं, क्लोरो आणि ब्रोमो, किती गुणी — विरघळवून ठेवलं की सुयांसारखे स्फटिक तयार. तिन्ही संयुगांत फरक काय तो रेणूच्या एका कोपऱ्याचा. पण तिसऱ्याचा स्फटिक मिळाल्याशिवाय काकासाहेब सर प्रबंधावर सही करणार नाहीत. आणि प्रबंध जमा झाल्याशिवाय डिसेंबरात कन्नड गावच्या कॉलेजात प्राध्यापकीच्या मुलाखतीला मला कोण उभं करणार?

वैजापूरहून आबांचा फोन. "आमचा कांदा चार महिन्यांत निघतो. तुझा खडा दीड वर्षात नाय व्हय?"

नाय, आबा.

२३ सप्टेंबर

सरांचा नियम: भावंडं आहेत, म्हणजे तिघांचे रेणू स्फटिकात एकाच पद्धतीनं बसणार — एकामागे एक, रांगेत. तिसरा स्फटिक अजून जन्मलेला नाही, पण नियम सरांच्या गौरवग्रंथात छापूनसुद्धा आला! रंगीत चित्रासकट.

५ ऑक्टोबर

मिळाला!! सुया नाहीत, पातळ चौकोनी पत्रे. बघतच बसले. क्ष-किरणांनी आतली रचना तपासून घ्यायला हैदराबादला पाठवायचा म्हणून एक बाजूला काढला.

७ ऑक्टोबर, खंडेनवमी

उपकरणांची पूजा. सरांनी मिथाइलचे पत्रे कागदावर ओतून विभागभर मिरवले. वर पंखा गरगर! मग माझ्या सगळ्या बाटल्यांची झाकणं काढायला लावली. "देवीपुढं झाकून काय ठेवता?" प्रत्येक बाटलीला हळदकुंकू. शिपाई पुंजाराममामांनी वाहिलेल्या अक्षता थेट वजनकाट्याच्या पोटात. काटा आता काहीही न ठेवता वजन दाखवतो.

२३ ऑक्टोबर

अहवाल आला. मिथाइलचे रेणू रांगेत नाहीतच — पाठीला पाठ लावून जोड्या! सर आधी म्हणाले, "मशीन बिघडलंय." मग, "हैदराबादची हवा दमट." मग, "तू घाई केलीस." दीड वर्ष — घाई! म्हटलं, सर, रेणूंनी गौरवग्रंथ वाचला नसेल. तोंडातून गेलंच.

२४ ऑक्टोबर

सर नरमले. "क्लोरो-ब्रोमो पुन्हा वाढवून दाखव. ते पहिल्यासारखे रांगेत आले, की मिथाइल अपवाद म्हणून घालू. सही करतो."

एवढंच? हे तर मी झोपेतही करीन! आबांना सांगून टाकलं — दिवाळीनंतर प्रबंध जमा. "म्हंजी आला म्हण की खडा! लई बेस!"

४ नोव्हेंबर

क्लोरोच्या बाटलीत सुया नाहीत. पत्रे!

आठवडाभर बाटल्या बदलल्या, धुतल्या, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या. पत्रेच. विभागातल्याच यंत्रावर पूड करून मिथाइलशी ताडून पाहिलं, तर इथंही पाठीला पाठ. मिथाइलचा दिसणार नाही एवढा कण पुरतो, दुधाला विरजण लागावं तसा. एकदा ही रचना शिरली की जुनी परत धरत नाही. आणि कण तर खंडेनवमीला पंख्यानं खोलीखोलीत पोचवले! या इमारतीत ती सुई आता कुणाच्या हाती लागेलसं वाटत नाही.

खूप रडले. माझी दोन प्रकरणं त्या सुयांवर उभी आहेत.

६ नोव्हेंबर

ब्रोमोसुद्धा पत्रेच. सर खुर्चीतून उठले. "तिघंही एकाच पद्धतीनं! मी काय म्हणत होतो? नियम सिद्ध!" गौरवग्रंथात फक्त चित्र बदलायचंय म्हणे.

आणि सही?

"तुझी दोन प्रकरणं चुकलीत. ती नव्यानं लिही, मग बघू."